इंदूरचे पोहे आणि अमेरिकेचा फॉर्म

बेळगावच्या माणसाला इंदूर परके वाटत नाही. दोन्ही गावांत नऊशे-हजार किलोमीटरचे अंतर, मध्ये नर्मदा, तापी, गोदावरी, कृष्णा अशा नद्या. पण नात्यागोत्याचा धागा मात्र चिवट. आपल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजे कुमार गंधर्व, क्षयाच्या दुखण्यातून उठण्यासाठी १९४८ साली इंदूरजवळच्या देवासला गेले आणि तिथलेच झाले. उलट दिशेने पाहा. कर्नाटकाच्या संघातून पुढे आलेला, घरी मराठी बोलणारा आणि बंगळूरने आपला मानलेला राहुल द्रविड १९७३ साली जन्मला तो इंदूरला. होळकरांची एक महाराणी संयोगिताराजे तर कागलच्या घाटग्यांची लेक, म्हणजे निपाणीच्या शेजारणीच म्हणायची!

माझीही धाकटी बहीण बावीस वर्षांपूर्वी इंदूरला दिली. तिच्या सासूबाई मूळच्या धारवाडच्या. त्यामुळे त्या घरात तीन भाषा एका ताटात वाढलेल्या असतात. भांडण मराठीत, हिशेब हिंदीत आणि गुपित कानडीत. घरातले सगळेच सासूबाईंना ‘अज्जी’ म्हणतात. मीही म्हणतो.

गेल्या नोव्हेंबरात इंदूरला जाण्याचे कारण थोडे नाजूक होते. भाची बारावीला आहे. हुशार आहे, गणितात तर फारच. तिच्या मनात अमेरिकेत जाऊन पदवी घ्यायचे आहे, आणि तेही अगदी वरच्या, नाव घेतले की लोक भुवया उंचावतात अशा विद्यापीठात. टिळकवाडीत आमच्या वडिलांनी घेतलेली एक जागा आहे. तिच्यात बहिणीचा निम्मा हिस्सा. भावजींचा फोन आला, ‘‘दादा, जागा काढायची म्हटलं तर तुमची सही लागेल. एकदा येऊन मुलीशी बोला, मग ठरवू.’’ मी आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवले. निवृत्त मास्तराला एवढे निमंत्रण पुरते.

पुण्याहून दुपारी सुटणारी इंदूर एक्सप्रेस रात्रीतून बडोदा ओलांडते. माझ्या डोक्यात भाचीचाच विषय होता, त्यामुळे बडोद्याची पाटी दिसली तेव्हा सयाजीराव गायकवाडांची आठवण झाली. या एका संस्थानिकाने किती पोरांना परदेशी शिकायला पाठवले! त्यांतल्या एकाचा जन्म इंदूरच्या शेजारी महूला झालेला. तिकडे जायचेच, असे बर्थवर पडल्या पडल्या ठरवून टाकले.

रांग दिसते ती आणि दिसत नाही ती

इंदूरची सकाळ पोह्यांनी होते. आपल्याकडच्यासारखे फोडणीचे खमंग पोहे नव्हेत हे. वाफेवर मऊ ठेवलेले, किंचित गोडसर, वर शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे आणि जीरावन नावाच्या मसाल्याची चिमूट. शेजारी गरम जिलेबी. २०१७ पासून सलग आठ वेळा देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरलेल्या या गावात पोह्यांच्या गाडीभोवती द्रोण पडलेला दिसत नाही, हे पाहून आपल्या गावची आठवण होते आणि मान खाली जाते.

भाची मला स्कूटीवर बसवून भंवरकुआं चौकात घेऊन गेली. हा इंदूरचा कोचिंगचा इलाखा. आयआयटीपासून ते मध्य प्रदेशच्या राज्यसेवेपर्यंत सगळ्या परीक्षांचे क्लास, खानावळी, झेरॉक्सची दुकाने आणि पाठीवर दप्तर घेतलेली हजारो मुले. इंदूरला १९९६ पासून आयआयएम आहे आणि २००९ पासून आयआयटी. त्यामुळे इथल्या आईबापांना मोठी संस्था म्हणजे लांबची गोष्ट वाटत नाही, शहराबाहेर सिमरोलच्या रस्त्यावर दिसते. आपल्या धारवाडलाही २०१६ पासून आयआयटी आहेच.

‘‘मामा, इथली रांग मला कळते,’’ भाची म्हणाली. ‘‘तिथली कळत नाही.’’

पोरगी नेमके बोलली. २०२५ साली आयआयटीच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेला सुमारे एक लाख ऐंशी हजार मुले बसली आणि तेवीस आयआयटींत मिळून जागा होत्या अठरा हजारांच्या आसपास. रांग प्रचंड आहे, पण उघड्यावर आहे. तुमचा क्रमांक कळतो, कोणत्या क्रमांकाला कोणती शाखा मिळाली तेही छापून येते. नाही मिळाले तर का नाही मिळाले, हे विचारावे लागत नाही.

अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांत तसे नाही. तिथे शाळेचे चार वर्षांचे गुण, सॅट परीक्षा (मध्यंतरी ऐच्छिक झालेली ही परीक्षा एमआयटी आणि हार्वर्डने पुन्हा सक्तीची केली), शिक्षकांची शिफारसपत्रे, मुलाने वर्गाबाहेर काय केले, आणि साडेसहाशे शब्दांचा एक निबंध, हे सगळे एकत्र वाचून माणसे निर्णय घेतात. निबंधात ‘माझा आवडता नेता’ चालत नाही. तू कोण आहेस ते सांग, असा प्रश्न असतो. गुणवत्ता यादी लागत नाही आणि नकाराचे कारणही कळत नाही.

पत्राने प्रवेश मागण्याची ही रीत आपल्या लोकांना नवी मात्र नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजला असेच पत्र लिहिले होते. आपण कोण, किती शिकलो, पैसा किती थोडा आहे आणि तरी का यायचे आहे, हे त्यांनी मोकळेपणाने मांडले. कॉलेजने घेतले. १८८६ साली पदवी घेऊन परतल्यावर त्यांना नेमणूक मिळाली तीही आपल्या शेजारी, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात. दुर्दैवाने ते काम त्यांच्या हातून व्हायचे नव्हते. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

पंच्याण्णव टक्क्यांचे गणित

दुपारी आम्ही एका सल्लागाराच्या कार्यालयात गेलो. नाव सांगत नाही. काचेचे दार, थंडगार खोली, भिंतीवर परदेशी विद्यापीठांच्या इमारतींची चित्रे. तिथल्या तरुणाने सुरुवातच केली, ‘‘अंकल, हमारा सक्सेस रेट पंचानवे परसेंट है.’’

मी विचारले, ‘‘सक्सेस म्हणजे काय?’’

थोडे आढेवेढे घेतल्यावर उलगडा झाला. ज्या मुलाने बारा ठिकाणी अर्ज केला आणि त्यांतल्या कुठल्याही एका ठिकाणी प्रवेश मिळाला, तो यशस्वी. ते एक ठिकाण मागेल त्याला घेणारे असले तरी यशस्वी. मग त्याला विचारले, की हार्वर्ड, एमआयटी, येल यांतल्या एखाद्या ठिकाणी गेल्या वर्षी तुमची किती मुले गेली? त्याने पाणी मागवले.

घरी येऊन जेवणाच्या टेबलावर आम्ही आकडे मांडले. २०२४ साली हार्वर्डला चोपन्न हजार अर्ज आले, प्रवेश एक हजार नऊशे सदतीस जणांना देऊ केला. म्हणजे शंभरात चारसुद्धा नाहीत. त्याच वर्षी एमआयटीला अठ्ठावीस हजारांवर अर्ज आणि तेराशेच्या आत प्रवेश, म्हणजे शंभरात साडेचार. पण हा झाला सगळ्यांचा हिशेब. परदेशी मुलांचे तेवढे वेगळे काढले, तर एमआयटीत हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास येते.

‘‘मग मी वीस कॉलेजांना अर्ज करते,’’ भाची म्हणाली. ‘‘एकाच फॉर्मवर वीस चालतात. दोन गुणिले वीस, चाळीस टक्के!’’

मी हसलो. हा हिशेब नाण्यालाही लागू पडत नाही, माणसाला तर नाहीच. वीस ठिकाणी जाणारी फाइल एकच आहे. तिच्यात जे बळ आहे ते वीसही जणांना दिसणार आणि जी उणीव आहे तीही वीस जणांना दिसणार. शिवाय ‘शंभरात दोन’ याचा अर्थ प्रत्येकाच्या हाती दोन-दोन टक्के ठेवले आहेत असाही नव्हे. ऑलिंपियाडचे पदक असलेल्या मुलाला जास्त आहेत, नुसत्या उत्तम गुणांच्या मुलाला त्याहून पुष्कळ कमी. आणि तिथे येणाऱ्या फायलींत उत्तम गुण तर जवळजवळ सगळ्यांचेच असतात. देशागणिक कोटा असा कुठे लिहिलेला नसतो. पण विद्यापीठांना जगभरातून मुले हवी असतात, म्हणून आपल्या मुलांची तुलना बहुतेक वेळा आपल्याच मुलांशी होते.

अज्जी भाजी निवडत ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारले, ‘‘दुड्डु एष्टु?’’

किती पैसे! खरा प्रश्न तोच होता.

एका चौकटीतली खूण

या विद्यापीठांत शिकण्या-राहण्याचा खर्च आता वर्षाला ऐंशी ते नव्वद हजार डॉलरच्या घरात गेला आहे. म्हणजे सत्तर ते ऐंशी लाख रुपये. चार वर्षांचे तीन कोटी. भावजी देवासच्या एका कारखान्यात हिशेबनीस आहेत. टिळकवाडीची जागा विकून बहिणीच्या वाट्याला जे येईल त्यात फार तर पहिले वर्ष निघाले असते.

फॉर्ममध्ये एक साधा प्रश्न असतो : तुम्ही आर्थिक मदत मागणार आहात का? हो किंवा नाही. त्या एका खुणेपाशी परदेशी मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि हे आपल्याकडच्या बहुतेक पालकांना ठाऊक नसते.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, आम्हर्स्ट आणि अलीकडे त्यांत आलेली डार्टमथ, ब्राऊन अशी मोजकी विद्यापीठे परदेशी मुलाचा अर्जसुद्धा खिसा न पाहता वाचतात. ‘हो’ अशी खूण केल्याने शक्यता घटत नाही. आणि निवड झाली, तर घरच्या मिळकतीला झेपेल तेवढेच घेऊन बाकीचा खर्च विद्यापीठ उचलते. भावजींच्या पगाराच्या घरातून जाणाऱ्या मुलीला तिथे फार थोडे द्यावे लागेल. दार अरुंद, पण आत गेलेल्याला उपाशी ठेवत नाहीत.

बाकीच्या बहुतेक नामांकित ठिकाणी परदेशी मुलांसाठी पैशाची थैली ठरलेली असते. तिथे ‘हो’ म्हणणाऱ्याची स्पर्धा त्या थैलीसाठी असते, म्हणून निवडीची शक्यता कमी होते. ‘नाही’ म्हणणाऱ्याला ती वाढलेली दिसते. पुस्तकात किंवा जाहिरातीत दिसणारा प्रवेशाचा एकच आकडा या दोघांची सरासरी असतो. सरासरीने नदीची खोली दीड हात असली तरी माणूस बुडतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे.

सल्लागाराने भावजींच्या कानात सांगितले होते, ‘‘अभी ‘नो’ टिक कर दीजिए, एक साल बाद एड माँग लेंगे.’’ भाचीने एकेका कॉलेजचे नियम उघडून मोठ्याने वाचले. अनेक ठिकाणी स्पष्ट लिहिले होते, की परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढे चारही वर्षे मागता येणार नाही. भावजींनी चष्मा काढून पुसला. तो सल्ला मानला असता तर दुसऱ्या वर्षी मुलगी तिकडे आणि आईबाप सावकाराच्या दारात, अशी गत झाली असती.

आणखी एक बाब निघाली. मदतीच्या अर्जात आईबापांचे उत्पन्न, बँकेतली शिल्लक, घर, जमीन सगळे भरावे लागते. बहिणीचा टिळकवाडीतला हिस्सा तिथे खरा खरा लिहायचा. पण घाईने जागा विकून रक्कम बँकेत टाकली असती, तर तीच रक्कम ‘तुमच्याकडे आहेत की पैसे’ म्हणून समोर आली असती.

माणिकबागेचे राजपुत्र

दुसऱ्या दिवशी भाचीला म्हटले, आज पुस्तक मिटायचे, गाव दाखव. राजवाडा पाहिला. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी, असा हा सातमजली होळकरी वाडा १९८४ साली पुष्कळसा जळला आणि पुढे पुन्हा उभा केला. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या पाहिल्या. मग माणिकबागेकडे गेलो. तिथे आता केंद्रीय करखात्याचे कार्यालय आहे, त्यामुळे रस्त्यावरूनच समाधान मानले.

हा महाल यशवंतराव होळकर, दुसरे, यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधवून घेतला. वडील तुकोजीराव १९२६ साली पायउतार झाले तेव्हा हे सतरा वर्षांचे होते. शिक्षण इंग्लंडमध्ये, आधी चीम, मग चार्टरहाउस शाळा आणि ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च कॉलेज. त्या दिवसांत एकार्ट मुथेसियस नावाच्या तरुण जर्मन वास्तुशिल्प्याशी ओळख झाली आणि पुढे त्यानेच माणिकबाग उभारली. युरोपातले अगदी नव्या वळणाचे फर्निचर इंदूरला आले. कागलच्या संयोगिताराजे या घरच्या राणी झाल्या, पण १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये ऐन तेविशीच्या आसपास त्यांचे निधन झाले.

‘‘यांना कोणता निबंध लिहावा लागला असेल?’’ भाचीने विचारले.

‘‘होळकर, एवढा एकच शब्द,’’ मी म्हणालो.

ती हसली, पण मग गप्प झाली. आजही पैसे देणाऱ्याचे आणि मागणाऱ्याचे दार वेगळे असते, हे तिने आदल्या रात्रीच पाहिले होते.

महूचा विद्यार्थी

महू इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटर. २००३ पासून गावाचे अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर आहे, तरी रिक्षावाले महूच म्हणतात. छावणीचे गाव, त्यामुळे रुंद रस्ते, जुनी झाडे. सुभेदार रामजी सकपाळ इथल्या लष्करी शाळेत शिक्षक होते आणि १४ एप्रिल १८९१ ला इथेच बाबासाहेबांचा जन्म झाला. जन्मस्थळी आज संगमरवरी, स्तूपासारख्या घुमटाचे स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा विदर्भातून आलेला बायकांचा एक जथा पायऱ्यांवर बसून भाकरी खात होता. त्यांनी आम्हालाही चटणी-भाकरी दिली.

आत चित्रांतून सारे आयुष्य मांडले आहे. भाची न्यूयॉर्कच्या चित्रापाशी बराच वेळ थांबली. मी तिला जे ठाऊक होते ते सांगितले. १९१२ साली बी. ए. झाले, तेही सयाजीरावांच्या मासिक पंचवीस रुपयांच्या मदतीवर. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील गेले. त्याच वर्षी बडोदे सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागला. कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली एम. ए. केले. मग लंडनला गेले, पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अर्धवट अभ्यास टाकून परत यावे लागले. बडोद्यात नोकरीला गेले, तर एवढ्या शिकलेल्या माणसाला जात आडवी आली आणि राहायला खोली मिळेना. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, मित्राकडून कर्ज घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हात दिला आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ ला डी. एस्सी., १९२७ ला कोलंबियाची पीएच. डी.

शाहू महाराजही जन्माने कागलच्या घाटग्यांचेच. एका कागलकर लेकीचे घर माणिकबागेत, आणि एका कागलकर लेकाची मदत महूच्या मुलाला. आपल्या सीमाभागाला याचा अभिमान वाटायला हरकत नाही. आणि बाबासाहेब १९२५ साली निपाणीला बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते, हे आपल्या आजोबांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे.

‘‘म्हणजे त्यांनाही मध्येच परत यावं लागलं?’’ भाची म्हणाली.

‘‘हो. आणि तीन वर्षांनी पुन्हा गेले.’’

तिने वहीत काहीतरी टिपून घेतले.

परतताना ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘मामा, त्यांना प्रवेश मिळणं अवघड नव्हतं, तिथपर्यंत पोचणं अवघड होतं. मला पोचायला विमान आहे, पण दार अवघड झालंय.’’ मला वाटते, शंभर वर्षांतला बदल यापेक्षा थोडक्यात मला तरी सांगता आला नसता.

सराफ्यातला निर्णय

रात्री सगळे सराफ्यात गेलो. दिवसा सोन्याचांदीची दुकाने, रात्री त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याचा बाजार. भुट्टे का कीस, म्हणजे किसलेल्या मक्याचा दुधात शिजवलेला उपमाच म्हणा ना, थंडीतला तळलेला गराडू, ताटाएवढा जलेबा. अज्जींना गर्दीत खुर्ची मिळवून दिली आणि तिथेच घरची बैठक भरली.

भावजी म्हणाले, ‘‘दादा, तुम्ही सही द्या, मी कर्जही काढीन. मुलीचं स्वप्न आहे.’’

अज्जींनी गराडूचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, ‘‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु.’’ अंथरूण पाहून पाय पसरावे, हे दोन्ही भाषांत आपण लहानपणापासून ऐकत आलो.

यावर भाचीने जे उत्तर दिले ते मला फार आवडले. ‘‘अज्जी, मी पाय पसरत नाहीये. मी फक्त विचारणार आहे की त्यांच्याकडे जास्तीचं अंथरूण आहे का. नाही म्हणाले तर आपल्यावर झोपेन.’’

मग तिने वहीतले पान उघडले. वीसची यादी तिने स्वतःच सातावर आणली होती. चार ठिकाणे खिसा न पाहणारी. तीन ठिकाणे थैली ठरलेली, पण परदेशी मुलांना पूर्ण मदत देणारी. तिथे शक्यता कमी हे कबूल करून. सातही ठिकाणी ‘मदत हवी’ हीच खूण. पूर्ण फी भरावी लागेल असे एकही नाव नाही. आणि त्याखाली, जाड अक्षरांत, जेईई आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा. तयारी थांबवायची नाही.

बहीण म्हणाली, ‘‘आणि कुठंच नाही झालं तर?’’

मी गिरीश कर्नाडांची गोष्ट सांगितली. आपल्या घरांतून ते नाव दोन्ही भाषांत आदराने घेतले जाते. पदवी घेतली धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात, गणित आणि संख्याशास्त्रात. त्यानंतर ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून १९६० साली ऑक्सफर्डला गेले आणि तिथल्या ऑक्सफर्ड युनियनचे अध्यक्षही झाले. भारतीय विद्यार्थ्यांसाठी पदवीनंतरच्या शिष्यवृत्त्या पदवीपूर्व शिष्यवृत्त्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ऱ्होड्स आहे, इंग्लंडची चेव्हनिंग आहे, कॉमनवेल्थ आहे, १८९२ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, शिवाय कर्नाटक आणि महाराष्ट्र सरकारांच्या आपापल्या योजना आहेत. सतराव्या वर्षी बंद झालेले दार एकविसाव्या वर्षी उघडू शकते, आणि तेव्हा आईबापांची जागा विकावी लागत नाही.

भावजींनी मान हलवली, पण चेहरा उतरलेलाच होता. बापाला मुलीसाठी काहीतरी विकावेसे वाटते, नाही तर आपण काहीच केले नाही असे वाटते. बहिणीने त्यांच्या द्रोणात अर्धा जलेबा वाढला. सहीचा कागद माझ्या पिशवीत घडी घातलेलाच राहिला.

वाचकांसाठी थोडे

आपल्याकडे बेळगाव, निपाणी, खानापूर, धारवाड, कुठेही पाहा, एखादे तरी घर या विचारात असतेच. म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो.

कोणी यशाची टक्केवारी सांगितली तर आधी विचारा, यश कशाला म्हणता आणि कोणत्या कॉलेजात. पैशाच्या चौकटीत खोटी खूण करू नका. त्या त्या विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थ्यांचा नियम मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. नियम अमेरिकी मुलांना एक आणि आपल्या मुलांना दुसरा असतो, ते बारकाईने पाहा. इंग्लंडचा विचार असेल तर ऑक्सफर्ड-केंब्रिजचे अर्ज १५ ऑक्टोबरलाच बंद होतात आणि तिथे पदवीच्या परदेशी मुलांना पूर्ण मदत फारच थोड्यांना मिळते. प्रवेश म्हणजे व्हिसा नव्हे, हेही लक्षात असू द्या. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणे काही आठवडे थांबवले होते, आणि त्याच महिन्यात हार्वर्डचा परदेशी मुले घेण्याचा परवानाच तिथल्या सरकारने काढून घेतला. न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, पण तोवर हजारो घरांतली झोप उडाली. म्हणून गावातली किंवा देशातली एक चांगली जागा हाताशी ठेवल्याशिवाय कोणीही तिकडे नजर लावून बसू नये.

आणि मुलांनी निबंध स्वतः लिहावा. भाचीने सल्लागाराने दिलेला नमुना बाजूला ठेवून घरातल्या तीन भाषांवर लिहिला. अज्जी रागावल्या की अंक कानडीत मोजतात, वडील हिंदीत आणि आई मराठीत. त्यामुळे संख्या ही भाषेच्या अलीकडे असते की पलीकडे, असा प्रश्न तिला लहानपणी पडला होता आणि तिथूनच तिला गणिताची गोडी लागली, असे तिने लिहिले आहे. मी व्याकरणाच्या दोन चुका सांगितल्या, बाकी हात लावला नाही.

एक जानेवारीच्या आत सातही अर्ज गेले. अमेरिकेची उत्तरे मार्चअखेरीस येतात. तोवर तिची जेईईची पहिली फेरीही झालेली असेल. अज्जींनी फोनवर विचारले, देवीला काय बोलू? मी म्हटले, परीक्षा जवळ आहे, पोरीला वेळेवर झोपायला सांगा.